वाचक ब्लॉगवर येतो आणि लगेच का जातो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोस्ट नियमित पडतायत, भेटींचा आकडाही वाढतोय, पण आलेले लोक काही सेकंदांतच निघून जातात. ब्लॉग लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी हे खटकतं, आणि मग प्रश्नही साधारण तेच पडतात. ते इथे एकत्र केले आहेत. एक मत मात्र आधीच सांगून ठेवायला हवं. वाचकाला धरून ठेवण्याच्या क्लृप्त्या शोधण्यात लोक जेवढा वेळ घालवतात, त्याच्या निम्मा वेळ शीर्षकावर आणि पहिल्या दोन परिच्छेदांवर घातला, तर बऱ्याच ब्लॉगांची अडचण तिथेच सुटेल. पुढची बहुतेक उत्तरं याच मताला धरून आहेत.

वाचक लवकर गेला म्हणजे पोस्ट फसली का?

दरवेळी नाही. एखाद्याला एवढंच हवं होतं की अमुक फाइल कोणत्या ॲपमध्ये उघडते. त्याने शोधलं, तुमची पोस्ट उघडली, दुसऱ्या ओळीत उत्तर मिळालं आणि तो गेला. त्याचं काम झालं. पुढच्या वेळी शोधाच्या निकालात तुमचं नाव दिसलं तर तो विश्वासाने त्यावरच बोट ठेवेल.

दुसरा वाचक त्याच प्रश्नासाठी आला. पहिल्या स्क्रीनवर त्याला मोठा फोटो, लेखकाची ओळख आणि 'आजच्या डिजिटल युगात' अशी सुरुवात दिसली. तो मागे गेला आणि खालची दुसरी लिंक उघडली. हा वाचक तुम्ही गमावला.

आकडेवारीत हे दोघे जवळजवळ सारखेच दिसतात. म्हणून काहीही बदलण्याआधी लोक काय शोधत आले होते ते बघा. गुगल सर्च कन्सोल फुकट आहे. त्यात कोणत्या शब्दांवर तुमची पोस्ट दिसली, किती जणांनी ती उघडली आणि ती कितव्या क्रमांकावर होती, हे प्रत्येक पोस्टसाठी स्वतंत्र कळतं. पुष्कळदा तिथेच उलगडा होतो: तुम्ही लिहिलंय एका प्रश्नावर आणि लोक येतायत भलत्याच प्रश्नासाठी.

बाउन्स रेट म्हणजे नेमकं काय?

या शब्दाचा अर्थ मध्येच बदलला, त्यामुळे बराच गोंधळ आहे. गुगल ॲनालिटिक्स हे ब्लॉगवरच्या भेटी मोजणारं साधन. जुन्या गुगल ॲनालिटिक्समध्ये (त्याने १ जुलै २०२३ पासून नवी माहिती घेणं थांबवायला सुरुवात केली) एकच पान बघून, दुसरं काहीही न करता गेलेली भेट म्हणजे बाउन्स. कोणी तुमचा लेख दहा मिनिटं मन लावून वाचला आणि कुठेही क्लिक न करता टॅब बंद केला, तरी तो बाउन्सच. वर त्याचा वेळही शून्य धरला जाई, कारण वेळ मोजायचा तर पुढची एखादी क्लिक लागायची. एक-एक लेख वाचून जाणारे वाचक हाच ज्यांचा आधार, त्या ब्लॉगरांवर या मोजमापाने फार अन्याय केला.

आताच्या गुगल ॲनालिटिक्स ४ मध्ये भेट १० सेकंदांपेक्षा जास्त टिकली, किंवा दोन पानं बघितली गेली, किंवा तुम्ही महत्त्वाची ठरवलेली एखादी कृती झाली, तर ती 'गुंतलेली' भेट धरतात. यातलं काहीच झालं नाही तर बाउन्स. एकूण भेटींत अशा भेटी किती टक्के, तो बाउन्स रेट. त्यामुळे जुना ऐंशी टक्क्यांचा आकडा आणि आजचा पंचेचाळीस टक्क्यांचा आकडा शेजारी ठेवून सुधारणा झाली असं म्हणता येत नाही.

दहा सेकंद ही पट्टीही लेख वाचणाऱ्यांसाठी तोकडीच आहे. गोंधळलेला माणूससुद्धा वरखाली करण्यात तेवढा वेळ सहज घालवतो. सेटिंगमध्ये ही मर्यादा ६० सेकंदांपर्यंत वाढवता येते, आणि लांब लेखांच्या ब्लॉगसाठी ती वाढवावी असं मला वाटतं. त्याच ठिकाणी 'स्क्रोल' नावाची नोंदही मिळते. पान ९० टक्के खाली गेलं की ती होते. कोणते लेख शेवटपर्यंत पोचतात हे त्यावरून कळतं, आणि बाउन्स रेटपेक्षा ते कळणं जास्त उपयोगाचं.

मग किती बाउन्स रेट चांगला?

असा कुठलाही एक आकडा नाही. आपल्याच दोन पोस्टची तुलना करा, आणि तीही एकाच मार्गाने आलेल्या वाचकांची. शोधातून आलेला वाचक आणि मित्राने पाठवलेल्या लिंकवरून आलेला वाचक यांची सरासरी काढून हाती काही लागत नाही.

थांबायचं की जायचं, हे वाचक किती वेळात ठरवतो?

पान दिसायला बरं आहे की नाही, हे तर डोळ्याची पापणी लवायच्या आत ठरतं. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठातल्या गिट लिंडगार्ड आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं की जेमतेम ५० मिलिसेकंद पान दाखवलं तरी लोकांचं त्याच्या दिसण्याबद्दल मत बनतं, आणि जास्त वेळ दाखवल्यावरही ते बरंचसं तसंच राहतं.

राहण्या-जाण्याचा निर्णय त्यानंतरचा. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०१० मध्ये पानांवर घालवलेल्या वेळेची प्रचंड आकडेवारी तपासली. त्यात दिसलं की पान सोडण्याचा धोका पहिल्या काही सेकंदांत सर्वांत जास्त असतो आणि पुढे तो उतरत जातो. जो अर्धा मिनिट थांबला, तो आणखी बराच वेळ थांबण्याची शक्यता वाढते. म्हणजे लेखाच्या मध्यावर केलेली मेहनत वाया जात नाही, पण ती दिसायला वाचक तिथवर पोचावा लागतो.

शिवाय लोक पडद्यावर शब्दन् शब्द वाचत नाहीत. वेबसाइट वापरायला किती सोप्या आहेत याचा अभ्यास करणारे जेकब नील्सन यांनी १९९७ मध्येच नोंदवलं होतं की त्यांच्या चाचणीतले ७९ टक्के लोक नवं पान आधी नुसतं चाळतात. चाळणाऱ्याची नजर शीर्षकावर, उपशीर्षकांवर, परिच्छेदांच्या पहिल्या काही शब्दांवर आणि आकड्यांवर पडते. त्याला आळशी म्हणणं चुकीचं आहे. इथे थांबण्यासारखं काही आहे का, एवढंच तो बघत असतो, आणि तसं बघण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे.

पहिला परिच्छेद कसा लिहावा?

इथे सविस्तर लिहायला हवं, कारण सगळ्यात जास्त वाचक इथेच गळतात. समजा, पोस्टचं शीर्षक आहे 'कुंडीतल्या रोपाची पानं पिवळी का पडतात?' अशा पोस्टची सुरुवात साधारण अशी सापडते:

'झाडं म्हणजे आपल्या घराची शोभा. धकाधकीच्या जीवनात हिरवाई मनाला शांतता देते. अनेकांना बागकामाची आवड असते. मात्र रोपांची काळजी घेताना विविध समस्या येतात. त्यापैकीच एक म्हणजे पानं पिवळी पडणे. चला तर मग, आज आपण याविषयी सविस्तर जाणून घेऊया.'

यात एकही वाक्य खोटं नाही. पण ज्याच्यासमोर पिवळं पडलेलं रोप आहे त्याला यातलं प्रत्येक वाक्य आधीच माहीत आहे. सहा वाक्यं वाचून तो शीर्षकाच्याच जागी उभा आहे. आता हे बघा:

'आधी मातीत बोट खुपसून बघा. दोन पेरं खालीही माती ओली लागली आणि खालची पानं पिवळी पडत असतील, तर बहुधा पाणी जास्त होतंय. माती नीट वाळेपर्यंत पाणी थांबवा. माती ठीक आहे, पण फक्त जुनी पानं सगळीकडून सारखी पिवळी होतायत, तर नत्र कमी पडत असण्याची शक्यता आहे. नवी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या असतील, तर लोहाची कमतरता बघायला हवी. तिन्ही कसं ओळखायचं आणि काय करायचं ते खाली आहे.'

इथे वाचकाला लगेच काहीतरी करायला मिळालं. आपलं रोप यातलं कोणतं, हे तो मनात ठरवू लागला, आणि ठरलं की खालचा तो भाग वाचल्याशिवाय त्याला चैन पडणार नाही. उत्तर आधीच दिलं तर पुढे कोण वाचेल, ही भीती पुष्कळांना असते. पण अर्धवट कळलेला माणूस पूर्ण समजून घ्यायला थांबतो. काहीच न कळलेला माणूस दुसरीकडे विचारायला जातो.

मला उपयोगी पडलेली एक साधी सवय: मसुदा झाला की पहिला परिच्छेद झाकून दुसऱ्यापासून वाचून बघावं. काही बिघडलं नाही, तर पहिला काढून टाकावा.

ललित लेख, आठवणी, प्रवासवर्णन यांना हा नियम जसाच्या तसा लागू नाही. तिथे वाचक उत्तरासाठी येत नाही, लिहिणाऱ्याच्या सोबतीसाठी येतो. पण तिथेही पहिल्या ओळीत काहीतरी ठोस हवं: एखादी जागा, एखादा माणूस, एखादी घडलेली गोष्ट. 'प्रवास माणसाला समृद्ध करतो' या वाक्यात बघण्यासारखं काहीच नसतं.

शीर्षक आकर्षक असावं की साधं?

खरं असावं. शीर्षकात जे कबूल केलं ते पहिल्या स्क्रीनवर दिसायला लागलं पाहिजे. 'हे वाचून थक्क व्हाल' अशी शीर्षकं क्लिक मिळवतात आणि त्याच क्लिकवर विश्वास घालवतात. वाचकाला ब्लॉगचं नाव लक्षात राहतं, आणि इथे आपण फसलो होतो एवढंच त्याला आठवतं.

वेग खरंच इतका महत्त्वाचा आहे का?

आहे, कारण इथे गमावलेल्या वाचकाने तुमचा एक शब्दही वाचलेला नसतो. मोबाईलवर पान उघडायला तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर निम्म्याहून जास्त, म्हणजे ५३ टक्के भेटी तिथेच सुटतात, असं गुगलने २०१६ मध्ये सांगितलं होतं.

गुगलच्या सध्याच्या कसोट्या तीन आहेत. पानाचा सर्वांत मोठा दृश्य भाग २.५ सेकंदांत दिसावा. स्पर्शाला पान २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद देईल असं असावं (ही कसोटी मार्च २०२४ पासून लागू झाली). आणि मजकूर इकडेतिकडे सरकण्याचं माप ०.१ च्या वर जाऊ नये. शंभरातल्या किमान ७५ भेटींत हे साधलं तर पान चांगलं धरतात. गुगलच्या 'पेजस्पीड इनसाइट्स' या साधनात पानाचा पत्ता टाकला की तिन्ही आकडे मिळतात. भेटी अगदीच कमी असतील तर खऱ्या वाचकांची आकडेवारी तिथे दिसत नाही, फक्त चाचणीतून काढलेला अंदाज दिसतो.

ब्लॉगवर दोषी बहुधा फोटो असतात. फोनमधून काढलेला फोटो सहज चार हजार पिक्सेल रुंद आणि काही एमबींचा असतो, तर वाचणाऱ्याच्या फोनचा पडदा साधारण हजार-दीड हजार पिक्सेलांचा. चढवण्याआधी फोटो १२०० ते १६०० पिक्सेल रुंदीचा करा आणि वेबपी या हलक्या फाइल-प्रकारात जतन करा. खालचे फोटो उशिरा लोड होऊ द्या, पण सर्वांत वरचा कधीही नाही. बऱ्याच थीम आणि प्लगइन सरसकट सगळ्या फोटोंना ही सोय लावतात आणि त्यामुळे नेमका पहिला फोटोच रखडतो.

मजकूर सरकण्याचा त्रास वेगळा, आणि माझ्या मते जास्त चीड आणणारा. वाचक लिंकवर बोट ठेवणार तोच वर एखादी जाहिरात उगवते, सगळं पान खाली जातं आणि बोट पडतं भलत्याच ठिकाणी. फोटोंची रुंदी-उंची आणि जाहिरातींसाठी लागणारी जागा आधीच ठरवून दिली की हे थांबतं.

तपासताना स्वतःच्या लॅपटॉपवर विसंबू नका. तिथे तुमचा ब्लॉग आधीच साठवलेला असतो. एखादा जुना फोन घ्या, वायफाय बंद करा आणि खासगी विंडोत पान उघडा.

पॉप-अप ठेवावा का?

पान उघडताच येणारा, मजकूर झाकणारा पॉप-अप ठेवू नये. ज्याने अजून एक ओळ वाचलेली नाही त्याच्याकडे ईमेल पत्ता मागणं गैर आहे. मोबाईलवर असे अडथळे आणणारी पानं शोधात खाली जाऊ शकतात, हे गुगलने १० जानेवारी २०१७ पासून लागू केलं आहे. सूचनांची परवानगी मागणारा चौकोन आणि आपोआप सुरू होणारा व्हिडिओ हेही ठेवू नयेत. आवाजासह आपोआप वाजणारे व्हिडिओ तर क्रोमने एप्रिल २०१८ पासून रोखायला सुरुवात केली. मागे जाण्याचं बटण अडवणारे काही प्लगइन मिळतात, ते वापरणं मला सरळ अप्रामाणिकपणाचं वाटतं.

सदस्य व्हायची विनंती लेख संपतो तिथे ठेवा. तिथवर जो आला, त्याला ती खुपत नाही.

अक्षरं आणि मांडणी यांनी किती फरक पडतो?

देवनागरीत तर फारच. आपल्या लिपीत वेलांट्या, मात्रा, रफार वर आणि उकार खाली जातात. रोमन लिपीसाठी बनवलेल्या थीममध्ये ओळींतलं अंतर तेवढ्यापुरतंच असतं, मग वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. वाचणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण डोळे दमतात. अक्षराच्या आकाराच्या किमान १.६ ते १.८ पट अंतर ठेवा आणि आकार १८ पिक्सेलच्या आसपास.

जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल बरीचशी जड असते. म्हणून एक फॉन्ट, दोन जाडी, बस. फॉन्ट येईपर्यंत फोनमधल्या साध्या फॉन्टमध्ये मजकूर दिसेल अशी सोय करा. पानाची भाषा मराठी आहे हे एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाच्या मूळ कोडमध्ये, नोंदवा. त्यामुळे पान मोठ्याने वाचून दाखवणारी साधनं योग्य आवाज निवडतात आणि काही फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे दिसतात. आणि पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं नकोत: सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी किमान ४.५ ला १ एवढा फरक हवा.

लेख लांब असावा की छोटा?

विषयाला लागेल तेवढा. शब्दसंख्या गाठायला फुगवलेला लेख वाचकाला दोन परिच्छेदांत ओळखू येतो.

एक पोस्ट वाचून झाल्यावर दुसरीकडे कसं न्यावं?

त्याच्या मनात पुढचा प्रश्न जिथे येतो, तिथेच लिंक द्या. वरच्याच उदाहरणात 'संबंधित लेख' असं लिहून खाली सहा चौकोन लावण्यापेक्षा 'नव्या पानांच्या शिरा हिरव्या दिसत असतील तर लोह कसं द्यायचं' हे वाक्यच लिंक करा. काय मिळेल हे क्लिक करण्याआधीच त्याला कळतं.

झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेतले पीटर पिरोली आणि स्टुअर्ट कार्ड यांनी नव्वदच्या दशकात याचा अभ्यास केला. भक्ष्य शोधणारा प्राणी वास येईल त्या दिशेने जातो आणि वास विरला की जागा सोडतो, माहिती शोधणारा माणूसही तसाच वागतो, असं त्यांनी मांडलं. 'इथे क्लिक करा' किंवा 'आणखी वाचा' या शब्दांना असा कसलाच वास नसतो.

जुन्या पोस्ट यासाठी सोन्यासारख्या असतात आणि लोक नेमकं त्यांच्याकडेच दुर्लक्ष करतात. नवी पोस्ट टाकली की त्याच विषयावरच्या दोन-तीन जुन्या पोस्ट उघडून त्यांतून नवीकडे लिंक द्यायची, एवढा नेम पाळला तरी वर्षभरात ब्लॉगचं रूप बदलतं.

समाजमाध्यमांवरून आलेले लोक तर क्षणात जातात. त्यांचं काय?

ते काही शोधत नव्हते. बोटाने पोस्ट सरकवता सरकवता मध्येच तुमची लिंक लागली, ती ॲपच्या आतल्याच ब्राउझरमध्ये उघडली, आणि एका स्पर्शात परत जाता येतं. त्यांच्या आकड्यांवरून लेखाचं मोल ठरवू नका. लिंकसोबत तुम्ही जे वाक्य लिहिलं होतं ते लेखात सुरुवातीलाच भेटतंय ना, एवढं मात्र बघा.

वाचक लवकर गेले तर गुगल ब्लॉग खाली ढकलतं का?

तुमच्या ॲनालिटिक्समधला बाउन्स रेट क्रमवारीसाठी वापरत नाही, असं गुगलने वारंवार सांगितलं आहे. मात्र शोधाच्या पानावर लोक कुठे क्लिक करतात ही माहिती वेगळी. अमेरिकेत गुगलविरुद्धच्या मक्तेदारीच्या खटल्यात २०२३ मध्ये कंपनीच्याच अधिकाऱ्याच्या साक्षीतून 'नॅवबूस्ट' नावाची यंत्रणा समोर आली, आणि ती अशा क्लिकची माहिती वापरते हे स्पष्ट झालं. तेव्हा ॲनालिटिक्समधला आकडा खाली आणायची धडपड सोडा. तुमच्या पानावरून परत जाऊन त्याच प्रश्नासाठी दुसरी लिंक उघडावी लागू नये, यासाठी मेहनत घ्या.

एकदा आलेला वाचक पुन्हा कसा येईल?

त्याला कळवायची सोय हवी. ईमेलने पोस्ट पाठवणं आजही सर्वांत भरवशाचं, कारण मध्ये कोणाचं अल्गोरिदम नसतं. आरएसएस फीडही, म्हणजे नव्या पोस्ट वाचकाच्या ॲपमध्ये आपोआप पोचवणारी सोयही, चालू ठेवा. असे फीड वाचायचं गुगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं तरी फीड वाचणारे संपलेले नाहीत, आणि ते फार निष्ठेने वाचतात. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर द्या, आणि तोच प्रश्न तिघांनी विचारला तर उत्तर लेखातच घाला. लेख केव्हा सुधारला ती तारीख वर लिहा, पण मजकूर न बदलता नुसती तारीख पुढे ढकलू नका.

सुरुवात कुठून करू, आणि फरक केव्हा दिसेल?

सर्वांत जास्त भेटी असलेल्या पाच पोस्ट निवडा. सर्च कन्सोलमध्ये लोक कोणत्या शब्दांनी तिथे येतात ते बघा आणि त्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या स्क्रीनवर आणा. मग त्याच पोस्टचे फोटो हलके करा. सगळं एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. वेगाची खऱ्या वाचकांवरची आकडेवारी मागच्या २८ दिवसांची असते, तेव्हा दुसऱ्याच दिवशी आकडे हलले नाहीत म्हणून निराश होऊ नका.

ब्लॉग लहान असेल तर टक्केवारीवर फार विसंबू नका. महिन्याला चाळीस भेटी असतील तर चार माणसं इकडची तिकडे झाली की दहा टक्के बदलतात. त्यापेक्षा विषय माहीत नसलेल्या कोणाला तरी स्वतःच्या फोनवर तुमची पोस्ट उघडायला सांगा आणि शेजारी गप्प बसा. बोट कुठे थांबतं, कुठे भराभर वर सरकवलं जातं, कपाळावर आठी कुठे येते, ते टिपून ठेवा. मध्ये काही समजावून सांगायचा मोह झाला, तर ते समजावणं नेमकं कुठे घालायचं तेही लगेच लिहून घ्या.